डेन्व्हरहून बर्फाच्या डोंगरात जाताना: मागच्या चाकांची गाडी की चारही चाकांची?

बर्थड पास ही ११,३०७ फूट उंचीची खिंड मी पहिल्यांदा ओलांडली ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या एका जुन्या सेदानमधून. बर्फ पडायचा थांबून तीन-चार तास झाले होते, नांगर लावलेले ट्रक रस्ता खरवडून गेले होते, वळणावळणावर वाळू टाकलेली होती, आणि खंबाटकी-वरंध्यात गाडी चालवून हात तयार झालेला असल्यामुळे खिंड पार झाली तेव्हा मला मनातल्या मनात थोडा अभिमानही वाटला. खिंडीपलीकडच्या विंटर पार्क या स्कीइंगच्या गावाजवळ आम्ही दोन रात्रींसाठी घर भाड्याने घेतले होते. त्या घराच्या गॅरेजपर्यंत जाणारी वाट जेमतेम ६० फूट लांबीची, पण चांगलीच चढाची होती, आणि तिथे नांगर फिरलेला नव्हता. निम्म्या वाटेवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. मी ब्रेक दाबला, चारही चाके थांबली, आणि तरीही गाडी घसरगुंडीवर बसलेल्या मुलासारखी शांतपणे मागे निघाली ती थेट रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. खिंड चढलेली गाडी घराच्या दारात अडली.

कोलोरॅडोत नव्याने आलेले मराठी लोक गाडी घेण्याआधी ‘इथे ऑल व्हील ड्राइव्ह लागतेच का?’ असे विचारतात, तेव्हा मला ते ६० फूट आठवतात. या प्रश्नाचे उत्तर खिंडीच्या उंचीवर फारसे अवलंबून नसते. बर्फावर थांबलेली गाडी तुम्हाला कुठे कुठे पुन्हा उचलावी लागणार आहे, यावर ते अवलंबून असते. खालील पायऱ्या हा निर्णय घेण्याच्या क्रमाने लिहिल्या आहेत, आणि त्या गाडी घेण्यापूर्वी वाचल्या तर अधिक उपयोगी पडतील.

१. आधी तुमच्या फेऱ्या कागदावर मांडा

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढा. पहिली, हिवाळ्यात तुम्ही डोंगरात किती वेळा जाणार आणि जाण्याचा दिवस पुढे ढकलता येईल का. दुसरी, कोणत्या रस्त्याने जाणार. तिसरी, मुक्कामाच्या ठिकाणी गाडी कुठे उभी राहणार. माझ्या अनुभवात तिसऱ्या प्रश्नाकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, आणि निर्णय बहुधा तिथेच होतो.

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा मुख्य रस्ता म्हणजे आंतरराज्य महामार्ग ७०. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथून साधारण ६० मैलांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो आणि तो ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे, म्हणजे दीड तासाच्या आत आपण जवळपास ६,००० फूट चढतो. हा महामार्ग सतत साफ केला जातो. त्याच्या शेजारचा लव्हलँड पास ११,९९० फुटांवर आहे, त्याला तीव्र वळणे आहेत, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि बर्फाच्या दिवसांत तो वेळोवेळी बंद ठेवतात. बोगदा असताना या खिंडीतून हौसेखातर जाण्याचे नवख्या माणसाला काहीही कारण नाही.

महामार्ग साफ असतो म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण तिथली अडचण वेगळी आहे. शनिवारी सकाळी स्कीइंगला जाणाऱ्यांची आणि रविवारी दुपारी परतणाऱ्यांची इतकी गर्दी होते की बोगद्याच्या अलीकडच्या चढावर वाहने थांबत थांबत सरकतात, आणि कधी कधी बोगद्याच्या तोंडाशी वाहतूक मुद्दाम थोपवून धरतात. एका दमात चढून जाणारी गाडी आणि त्याच चढावर वीस वेळा थांबून वीस वेळा उचलावी लागणारी गाडी यांच्या गरजा सारख्या नसतात.

२. कोणती चाके गाडी ढकलतात ते समजून घ्या

रिअर व्हील ड्राइव्हमध्ये शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. मस्टँगसारख्या स्पोर्ट्स गाड्या, बऱ्याच जर्मन सेदान, साधे पिकअप ट्रक आणि टेस्ला किंवा ह्युंदाई आयोनिक ५ यांच्या एकाच मोटरच्या आवृत्त्या या प्रकारात येतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाके ओढण्याचे काम करतात. तो तिसरा प्रकार, आणि त्याची चर्चा इथे करत नाही.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांना शक्ती मिळू शकते. ‘शकते’ हा शब्द मी जपून वापरला आहे. काही गाड्यांत ती सदोदित चारही चाकांकडे जाते, तर काहींत एरवी दोनच चाके काम करतात आणि ती घसरू लागल्यावर क्लच जुळून उरलेल्या दोन चाकांकडे शक्ती वळते. दोन मोटरच्या विद्युत गाडीत पुढच्या आणि मागच्या आसाला स्वतंत्र मोटर असते. पिकअपमधला बटणाने किंवा दांडीने लावायचा फोर व्हील ड्राइव्ह हा आणखी वेगळा प्रकार आहे: जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत तो लावल्यावर पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर तो लावून वळलात तर चाके अडखळतात आणि यंत्रणेवर ताण येतो.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. जुन्या पेट्रोल गाडीत इंजिनाचे वजन पुढे आणि शक्ती मागे अशी रचना असल्यामुळे मागची चाके हलकी पडत आणि बर्फावर गरगर फिरत. म्हणूनच मागच्या आसावर वाळूच्या गोण्या ठेवण्याची पद्धत पडली, आणि रिकाम्या पिकअपमध्ये ती आजही उपयोगी आहे. मात्र विद्युत गाडीत बॅटरी तळाशी पसरलेली असते आणि मागच्या चाकांच्या विद्युत गाडीत एकुलती मोटर मागच्या आसावरच बसवलेली असते, त्यामुळे अशी गाडी जुन्या रिअर व्हील गाड्यांच्या तुलनेत बर्फावर पुष्कळच शहाण्यासारखी वागते.

३. गाडीच्या आधी टायर ठरवा

टायरच्या कडेवरच्या खुणा वाचायला शिका. ‘एम+एस’ अशी अक्षरे म्हणजे चिखल आणि बर्फ. मात्र ही खूण फक्त खाचांच्या रचनेवरून दिली जाते, त्यासाठी टायरची बर्फावर चाचणी घेतलेली नसते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चित्र असेल तर तो टायर दाबलेल्या बर्फावर घासून पाहिलेला आहे, असे समजावे. तीही चाचणी गाडी पुढे ओढण्याची असते. ब्रेकची किंवा गुळगुळीत बर्फाची नव्हे. तरीही दोन्हींपैकी निवडायचे झाले तर हिमकणाचे चित्र पाहूनच टायर घ्या.

खुणांपेक्षा रबर महत्त्वाचे. उन्हाळी टायरचे रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते, आणि कडक रबर रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर आडव्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनाहून आलेली जुनी गाडी, विशेषतः स्पोर्ट्स प्रकारातली, उन्हाळी टायरांवर असण्याची बरीच शक्यता असते. माझी सेदान अशीच बाहेरच्या राज्यातून आलेली होती. तिच्यावर ऑल-सीझन टायर होते, पण निम्म्याहून अधिक झिजलेले, आणि ते मी गाडी घेताना वाकून पाहिलेसुद्धा नव्हते.

खाचांची खोली मोजण्यासाठी चार-पाच डॉलरला मिळणारे छोटे मापक विकत घ्या. त्याची सुई खाचेत टेकवून पट्टी खाली दाबली की आकडा दिसतो. प्रत्येक टायरवर बाहेर, मध्ये आणि आत अशा तीन ठिकाणी मोजा, कारण चाकांची मांडणी बिघडलेली असेल तर टायर आतल्या बाजूने झिजतो आणि उभे राहून पाहणाऱ्याला तो नवाच वाटतो. किमान ३/१६ इंच, म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर खोली हवी. टायरच्या कडेवर शेवटी असलेले चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१चा पस्तिसावा आठवडा.

हिवाळी टायर नेहमी चारही बसवा. पैसे वाचवण्यासाठी शक्तीच्या दोनच चाकांना बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. रिअर व्हील गाडीत मागे हिवाळी आणि पुढे साधे टायर असतील तर गाडी जोमाने निघेल, पण वळणावर स्टिअरिंग फिरवूनही सरळच जाईल. चार टायरांना आकाराप्रमाणे साधारण ७०० ते १,२०० डॉलर पडतात. वेगळ्या रिमवर घेतले तर सुरुवातीला खर्च वाढतो, पण दर नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये बदलणे सोपे जाते, आणि जोपर्यंत हे टायर वापरात असतात तोपर्यंत मूळ टायर झिजत नाहीत, हे विसरू नये.

४. चढाचे आणि उताराचे गणित स्वतः मांडून पाहा

हा भाग किचकट वाटला तरी सोडू नका. मला स्वतःला ही आकडेमोड केल्यावरच विषय कळला.

पकड एका साध्या आकड्याने मोजतात: चाकावर पडणाऱ्या वजनाच्या किती पट जोर टायर रस्त्यावर लावू शकतो. कोरड्या डांबरावर तो आकडा ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर झिजलेल्या ऑल-सीझन टायरसाठी ०.२ आणि चांगल्या हिवाळी टायरसाठी ०.३ धरू. गाडीचे निम्मे वजन मागच्या चाकांवर आहे असे मानले तर रिअर व्हील गाडीला चढण्यासाठी पकडीचा निम्माच भाग मिळतो: ऑल-सीझनवर ०.१, म्हणजे १० टक्के चढ (शंभर फुटांत दहा फूट). हिवाळी टायरवर ०.१५, म्हणजे १५ टक्के चढ. ऑल व्हील गाडी सगळे वजन वापरते, म्हणून ऑल-सीझनवरही ती २० टक्क्यांपर्यंत चढू शकते. महामार्ग ७०चे तीव्र चढ ७ टक्क्यांच्या घरात आहेत. आमच्या त्या भाड्याच्या घराची वाट बारा टक्क्यांची तरी असावी. म्हणजे खिंड चढलेली माझी गाडी दारात का अडली, हे या दोन ओळींत आले.

आता उतार पाहू. ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांनाच असतात, त्यामुळे थांबताना ऑल व्हील ड्राइव्हचा काहीही लाभ नाही. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरताना ७ टक्के उतारावर ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ऑल-सीझनच्या ०.२ पकडीवर थांबायला सुमारे ७० मीटर घेते. हिवाळी टायरच्या ०.३ वर सुमारे ४० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. झिजलेल्या टायरांची ऑल व्हील गाडी तुम्हाला सुखरूप वर नेईल, आणि वरून खाली येताना मात्र हिवाळी टायर लावलेली साधी रिअर व्हील गाडी तिच्या तीस मीटर आधी थांबलेली असेल.

हे आकडे अंदाजाचे आहेत. दिवसा उन्हाने वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर पकड ०.१ किंवा त्याहूनही खाली जाते आणि मग कोणतीही गाडी कोणाचीही नसते. पण दोन्ही गाड्यांमधला फरक कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, हे समजायला ते पुरेसे आहेत.

५. कायदा काय मागतो ते पाहून घ्या

महामार्ग ७०वर डॉटसेरो ते डेन्व्हरजवळचे मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात वाहनांना ‘ट्रॅक्शन लॉ’, म्हणजे चाकांच्या पकडीचा नियम, लागू असतो, आणि रस्ता कोरडा असला तरी तो लागू असतो. ऑल व्हील किंवा फोर व्हील गाडी असेल तर टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल हव्यात. दोनच चाकांना शक्ती मिळणारी गाडी असेल तर तेवढ्याच खोलीचे ‘एम+एस’ किंवा हिवाळी टायर हवेत, नाहीतर टायरवर चढवायच्या साखळ्या किंवा मान्यताप्राप्त पर्यायी साधन जवळ हवे. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात: रिअर व्हील गाडीला या रस्त्यावर बंदी नाही, आणि गुळगुळीत टायरांच्या ऑल व्हील गाडीला सूट नाही.

इतर राज्य महामार्गांवर, म्हणजे बर्थड पासच्या महामार्ग ४०वरही, वादळाच्या वेळी हाच नियम जाहीर केला जातो. हवामान फारच बिघडले तर त्यापुढची पायरी म्हणजे साखळ्यांचा नियम, आणि त्यानंतर रस्ता बंद. निघण्यापूर्वी राज्य वाहतूक विभागाच्या ‘सीओट्रिप’ या ॲपवर त्या दिवशी काय लागू आहे ते पाहा. साधने नसताना सापडलात तर दंड १३० डॉलरच्या पुढे जातो, आणि तुमच्या गाडीमुळे रस्ता अडला तर ६५० डॉलरच्या पुढे.

६. आता निर्णय घ्या

पहिल्या पायरीचा कागद समोर घ्या.

महिन्यातून एखाद-दुसरी फेरी, तीही हवामान पाहून, मुक्काम मोठ्या हॉटेलात किंवा सपाट वाहनतळावर, आणि हाताशी आधीच रिअर व्हील गाडी असेल, तर गाडी बदलू नका. चार हिवाळी टायर घ्या. पुढच्याच हिवाळ्यात मी तेच केले, त्याच घरी गेलो, आणि तीच सेदान त्याच वाटेवर शेपूट थोडे हलवत, पण न थांबता, गॅरेजपर्यंत चढली.

दर शनिवारी मुलांना स्कीइंगच्या वर्गाला न्यायचे असेल, ठरलेला दिवस चुकवता येत नसेल, गर्दीच्या चढावर थांबत थांबत जावे लागत असेल, किंवा राहते घरच गोल्डन-एव्हरग्रीनच्या बाजूला चढावर असेल, तर ऑल व्हील घ्या आणि हिवाळी टायरही घ्या. नव्या गाडीत ऑल व्हीलसाठी साधारण दीड ते अडीच हजार डॉलर अधिक पडतात, इंधन थोडे जास्त लागते, आणि एक छुपा खर्च असतो: बऱ्याच ऑल व्हील गाड्यांत चारही टायरांची झीज जवळपास सारखी ठेवावी लागते, त्यामुळे एक टायर फाटला तरी कधी कधी चारही बदलावे लागतात. विद्युत गाडीत एकाच मोटरची आवृत्ती बहुधा एका चार्जमध्ये अधिक पल्ला देते, आणि थंडीत पल्ला घटतच असल्यामुळे हा मुद्दाही तराजूत टाकावा लागतो.

एकाच गोष्टीसाठी पैसे असतील तर? माझे मत स्पष्ट आहे: टायर. माझ्या ओळखीतले निम्मे लोक या मताशी वाद घालतात. त्यांतले बहुतेक चढावर अडकलेले असतात, उतारावर घसरलेले कोणी नसते.

७. गाडी पाहायला गेल्यावर होणाऱ्या चुका

मागच्या झाकणावरच्या अक्षरांवर विसंबू नका. एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत विकले जाते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक घ्या आणि त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून ती मुळात कोणत्या प्रकारची होती ते तपासून घ्या. विद्युत गाडीच्या नावात ‘लाँग रेंज’ आले म्हणजे ती चारही चाकांची झाली, असे नाही.

‘ट्रॅक्शन कंट्रोल आहे, तेवढे पुरे’ असे मला एका विक्रेत्याने सांगितले होते. चाके जागच्या जागी फिरू न देणारी ही यंत्रणा आणि गाडी भरकटू न देणारी स्थैर्य यंत्रणा उपयोगी आहेत. अमेरिकेत २०१२ नंतरच्या मॉडेलांत स्थैर्य यंत्रणा सक्तीचीच आहे. पण या यंत्रणा असलेली पकड नीट वाटून देतात. नसलेली पकड तयार करत नाहीत.

गाडी भाड्याने घेणार असाल तर ‘एसयूव्ही’ म्हणजे ऑल व्हील असे गृहीत धरू नका, खिडकीवरच लेखी विचारा, आणि किल्ली घेण्यापूर्वी टायरांच्या खाचा मापकाने मोजा. अनेक भाडेकरारांत साखळ्या चढवायला मनाई असते; ती ओळ शोधून वाचा, कारण मग तुमच्याकडे टायरवर चढवायच्या कापडी मोज्यांचाही पर्याय उरतो की नाही हे तिथेच कळते.

८. साखळ्या किंवा मोजे घरी लावून पाहा

मान्यताप्राप्त पर्यायी साधनांमध्ये ऑटोसॉकसारखे कापडी मोजे येतात. ते हलके असतात, पटकन बसतात, पण कोरड्या रस्त्यावर लवकर फाटतात. साखळ्या अधिक टिकतात आणि बर्फाला अधिक घट्ट धरतात. रिअर व्हील गाडीत त्या मागच्या चाकांना लावायच्या. ऑल व्हील गाडीत कोणत्या आसाला लावायच्या आणि मुळात चालतात का, हे गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे. काही गाड्यांत चाक आणि चिखलरोधक यांच्यात साखळीला जागाच नसते.

पहिला प्रयोग कोरड्या गॅरेजमध्ये करा. मोजा टायरवर वरून ओढायचा, जमेल तेवढा दोन्ही बाजूंनी खाली न्यायचा. मग गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची म्हणजे तळाशी दबलेला भाग वर येतो, आणि उरलेला मोजा चढवायचा. नीट मधोमध बसला नसेल तर घाबरू नका, थोडे चालवल्यावर तो आपोआप सरळ होतो. आता हेच काम रबरी हातमोजे घालून करा. लोकरीचे हातमोजे दोन मिनिटांत भिजतात आणि मग बोटांना हूक जाणवत नाही, हे मला महामार्गाकडेच्या साखळी लावण्याच्या थांब्यावर, शेजारून ट्रक जात असताना कळले. रस्त्यात असे काम फक्त त्या नेमलेल्या थांब्यांवर किंवा रस्ता सोडून बाहेर सपाट जागेवर करा. मोजे चढवल्यावर ताशी ३० मैलांच्या आत राहा.

९. सोबत ठेवायची कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रे: वाहन परवाना, गाडीची नोंदणी, विम्याचे कार्ड, रस्त्यावरील मदतीचा क्रमांक आणि गाडीची पुस्तिका. हे सगळे कागदावर ठेवा, कारण फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते आणि डोंगरात जागोजागी सिग्नल नसतो.

सामान: लहान फावडे, बर्फ खरवडण्याची पट्टी आणि ब्रश, साखळ्या किंवा मोजे, गुडघ्याखाली टाकायला पोत्याचा तुकडा, वाळूची किंवा मांजरासाठी वापरतात त्या मातीची पिशवी, विजेरी, बॅटरीला उसनी वीज देण्याच्या तारा, माणशी एक ब्लँकेट, पाणी आणि खायला काही. काच धुण्याचे द्रव शून्याखाली २० अंश फॅरनहाइटपर्यंत न गोठणारे भरा. उन्हाळ्यातले निळे पाणी काचेवर पडताक्षणी गोठते आणि ताशी ५० मैलांवर समोरचे काही दिसेनासे होते. टाकी किंवा बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

१०. पहिली फेरी

बर्फ पडून गेल्यावरच्या एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या, मोकळ्या वाहनतळावर जा. ताशी १५ मैलांवर ब्रेक जोरात दाबा आणि पायाखाली होणारी थरथर ओळखीची करून घ्या; ती ब्रेक न जखडण्याची यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे, पाय उचलायचा नाही. मग हळूच वळताना थोडा अधिक वेग द्या. रिअर व्हील गाडीची शेपूट बाहेर निघेल. पाय वेगावरून अलगद काढा, नजर आणि स्टिअरिंग जिकडे जायचे आहे तिकडे ठेवा. हे दहा वेळा केल्यावर हात आपोआप करतील.

घाटातल्या आपल्या सवयींपैकी एक इथेही कामी येते: ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. एक मात्र सोडावी लागते. घाटात आपण समोरच्या ट्रकच्या शेपटीला चिकटून चढतो. इथे चढावर पुढच्या गाडीपासून इतके अंतर ठेवा की ती थांबली तरी तुम्हाला पूर्ण न थांबता सरकत राहता येईल. थांबलातच तर वेग अगदी हळू द्या, मोड असेल तर ‘स्नो’वर ठेवा, मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचला. विद्युत रिअर व्हील गाडीत वेगावरून पाय उचलताच मोटर वीज परत मिळवत मागच्याच चाकांना रोखते आणि निसरड्या उतारावर शेपूट सुटू शकते, म्हणून वीज परत मिळवण्याची ती पातळी कमी करता येत असेल तर उतरण्यापूर्वीच करा. पुलांवर सर्वात आधी बर्फ धरतो, तिथे ना ब्रेक ना वेग.

अडकलात तर चाके गरगर फिरवू नका. खालचा बर्फ वितळून लगेच काचेसारखा गोठतो. चाकांपुढचा बर्फ काढा, वाळू टाका, ट्रॅक्शन कंट्रोल तात्पुरते बंद करून गाडी पुढे-मागे झुलवा. इंजिन चालू ठेवून आत बसणार असाल तर धुराच्या नळीभोवतीचा बर्फ आधी फावड्याने मोकळा करा, नाहीतर विषारी वायू गाडीत भरतो.

मुक्कामी पोहोचल्यावर, वाट थोडीशीही चढाची असेल तर सामान काढण्याआधी गाडी वळवून घ्या आणि तिचे तोंड उताराकडे राहील अशी लावा. रात्रीतून आठ इंच बर्फ पडला तर सकाळी तुम्हाला ती उतारावरून फक्त हळू सोडायची असते, चढावर उचलायची नसते. वायपर काचेपासून उभे करून ठेवा आणि फावडे डिकीत न ठेवता घरात घ्या; डिकीचे झाकण गोठून बसले तर ते तिथेच अडकते.